मोडीत निघालेला पळस

धंतोलीतल्या त्या दवाखान्यात मी नऊ दिवस बसून होतो आणि नऊही दिवस माझ्यासमोर माझंच काम होतं. बारा फूट रुंद, सात फूट उंच तांब्याचा पत्रा आणि त्यावर पितळेच्या पानांचा पळस. रिसेप्शनच्या मागची अख्खी भिंत त्यानं व्यापली होती. बायकोच्या पित्ताशयात खडे झाले, त्यात पू धरला, ऑपरेशन झालं, पण ताप उतरत नव्हता. दुसऱ्या मजल्यावर तिच्याजवळ सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर सोडत. बाकी वेळ खाली लोखंडी खुर्च्यांवर. कधी नाव पुकारतील, कधी औषधाची चिठ्ठी हातात देतील, याचा नेम नव्हता, त्यामुळे इतवारीतलं दुकान पाहून येतो म्हटलं तरी उठता येत नव्हतं. मुलगा पुण्यात. "येऊ का बाबा?" असं त्यानं फोनवर विचारलं, पण मी नको म्हणावं अशाच आवाजात विचारलं. मी नको म्हटलं.

हा दवाखाना मी निवडला नव्हता. दोन वर्षांपूर्वी याच दारातून बाहेर पडताना मी ठरवलं होतं की मेलो तरी इथे पाय ठेवणार नाही. पण बायको पोट धरून कण्हायला लागली तेव्हा दोन ठिकाणी खाट रिकामी नव्हती. तिसऱ्या ठिकाणी मिळाली आणि ते ठिकाण नेमकं हे निघालं.

पहिल्या दिवशी मी भिंतीकडे पाठ करून बसायचं ठरवलं. पण खुर्च्या फरशीला बोल्टनं आवळलेल्या होत्या आणि सगळ्यांची तोंडं पळसाकडे. उभं राहिलं तर गार्ड येऊन म्हणायचा, "काका, बसून घ्या." म्हणून बसलो. समोर तांब्यावर काळे डाग पडले होते, खोडाच्या बाजूला जास्त. वरचा पारदर्शक लेप शाबूत होता, डाग लेपाच्या आतून आले होते. ते पाहिलं की माझ्या डोक्यात एकाच माणसाचं तोंड यायचं आणि माझं रक्त तापायचं. तो माणूस म्हणजे हा पळस ज्यांनी ठोकला ते मिस्त्री.

आधी माझं सांगतो. आमचं घर उमरेडकडचं, विणकरांचं. वडिलांचा माग बंद पडला तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. मागावर बसून वाट पाहण्यापेक्षा मी एक जुनी सायकल घेतली आणि गावोगावी मोड गोळा करायला लागलो. मोड म्हणजे फुटकी, जुनी तांब्यापितळेची भांडी. बायका ती वजनावर विकायच्या आणि त्या पैशात स्टीलचे डबे घ्यायच्या. मी पाण्याचा गुंड हातात घेतला की आधी त्यावर पंजानं थाप मारायचो. चांगल्या भांड्याचा आवाज लांबतो, तडा गेलेल्याचा बद्द येतो, मग वरून डाग देऊन कितीही सांधलेला असो. आवाज बद्द आला की भाव पडायचा. कधी कधी चांगला आला तरी मी तोंड वाकडं करून भाव पाडायचो. खोटं कशाला सांगू? थाप मारायची सवय मात्र हाताला कायमची लागली. पुढे इतवारीत दुकान झालं, हुडकेश्वरला शेड टाकली, तरी सौदा करताना माझा हात मालावर आपटल्याशिवाय राहायचा नाही.

ज्या बायकांनी घंगाळं मला किलोनं विकली, त्यांच्याच सुना वीस वर्षांनी माझ्या दुकानात तीच घंगाळं शोधत आल्या. दिवाणखान्यात ठेवायला. मग मी भांडी सोडून सजावटीच्या मालात उतरलो. तांब्याचं वय मी डोळ्यांनी सांगतो. नवं तांबं गुलाबी असतं, मग विटकरी होतं, मग चॉकलेटी, आणि पाणी साचतं तिथे हिरवं. पितळ आधी मळकट पिवळं पडतं, मग शेवाळी काळपट होतं. गिऱ्हाइकाला जुनं पाहिजे, पण खरं जुनं तेवढं मिळत नाही. म्हणून मी नव्याला गंधकाच्या पाण्यात बुडवून चार दिवसांत चाळीस वर्षांचं करायचो. लोक म्हातारपणाचे जास्त पैसे देत. मला त्यात काही गैर वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "जुनं आहे ना?" मी म्हणायचो, "दिसत नाही का?"

मिस्त्री भंडाऱ्याचे. त्यांच्या घरी तीन पिढ्या पितळ ठोकलं गेलं. ते माझ्याकडे आले तेव्हा पंचावन्न उलटलेले होते. पत्रा भट्टीत लाल करायचे, पाण्यात सोडायचे, मऊ झाला की राळेच्या थरावर उपडा टाकून मागच्या बाजूनं ठोकायचे. समोरून पान वर यायचं, शिरांसकट. त्यांच्यासारखा हात नागपुरात दुसरा नव्हता. मी मजुरीवरून त्यांच्याशी रोज भांडायचो, पण हे मला तेव्हाही माहीत होतं.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना भिंतीवर झाड हवं होतं. पळस मीच सुचवला. ते म्हणाले, पानं भरगच्च करा, एका देठाला पाच-सहा. मिस्त्री खाली बसल्या बसल्या म्हणाले, "पळसाले पानं तीनच राहते जी." डॉक्टर हसले. मग त्यांनी विचारलं, "दहा वर्षांनीही हे असंच चकचकीत दिसेल ना?"

मिस्त्रींनी वर पाहिलं. "दहा वर्षांनी तुमी असेच दिसान का जी? राहू द्या त्याले उघडं. पिकू द्या."

"राहील साहेब," मी मध्येच बोललो. "वरून लेप मारून देतो. माझी गॅरंटी."

कोणी अंगावर आलं की माझ्या तोंडून गॅरंटी निघते. तेव्हा तर कोणी अंगावरही आलं नव्हतं.

पळस लागला तेव्हा लोक बाहेरून आत येऊन पाहून जायचे. आठ महिन्यांनी डॉक्टरांनी बोलावलं. तांब्यावर तपकिरी ढग उठले होते. रिसेप्शनवरच्या पोरींसमोर, पेशंटसमोर ते म्हणाले, "ही तुमची गॅरंटी?" वरच्या दोन मजल्यांच्या भिंतीही मलाच मिळायच्या होत्या, त्यांचं काम दुसऱ्याला दिल्याचं त्यांनी तिथेच सांगितलं. मी जवळ जाऊन डाग पाहिलेही नाहीत. मला पाहायची गरज वाटली नाही. तांबं चिंचेनं उजळतात, मग धुऊन, सुकवून लेप मारतात. धुण्यात कसर राहिली तर आंबट आतच राहतं आणि काळं पडतं. ते काम मिस्त्रींचं होतं.

धंतोलीहून मी तडक इतवारीत आलो. अकरा-साडेअकरा वाजले असतील, गल्ली माणसांनी आणि टेम्पोंनी भरलेली. मिस्त्री चहाच्या टपरीवर उभे होते. मी लांबूनच सुरू झालो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण शेवटचं आठवतं, कारण ते गल्लीनं पुढे पाठ केलं. मी म्हणालो, "याच्या हातात रोग आहे. याच्या हाताला धातू लागला की धातू सडतो. कोणी काम देऊ नका याला."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "बरं जी," म्हणाले आणि गेले.

त्यांना खरंच कोणी काम दिलं नाही. भांडीवाल्यांच्या गल्लीत हाताचं नाव गेलं की माणूस गेला. ते हुडकेश्वरला पोरीकडे राहायला गेले आणि देवळांच्या समया, केटरर्सची पातेली घासून द्यायला लागले, असं कानावर आलं. मला वाईट वाटलं नाही. दोन वर्षं मी जेवताना, दुकानात, गाडी चालवताना त्यांना शिव्या घातल्या.

सहाव्या दिवशी मी औषध घेऊन परत आलो तर माझ्या खुर्चीवर एक बाई बाळाला घेऊन बसलेली. फक्त डाव्या टोकाची खुर्ची रिकामी होती. शेजारी धोतर नेसलेला एक म्हातारा. गडचिरोलीकडून आला होता, सुनेला भरती केलं होतं. चार वाजता दाराच्या काचेतून ऊन तिरपं आत येतं आणि भिंतीवर पडतं. म्हातारा बराच वेळ पळसाकडे पाहत होता. मग मला कोपरानं ढोसून म्हणाला, "कोणाचा पंजा हाय जी हा?"

"कसला पंजा?"

"तो पाहा नं, खोडाजवळ. आमच्याकडे घरभरणीले भिंतीवर असेच पंजे उठवते. पण ते कुंकवाचे राहते, हा काळा हाय."

मी पाहिलं. समोरून जे नुसते डाग दिसायचे ते या कोनातून, या उन्हात, डाग नव्हते. तळवा होता. त्याच्या वर थोडा सरकलेला दुसरा तळवा. बाजूला तिसरा.

म्हातारा बोट हवेत धरून मोजत होता. "अंगठा, एक, दोन… हे बोट वाकडं हाय पाहा. करंगळीवर चढलं हाय."

मी माझा उजवा हात खिशात घातला. शेडमध्ये एकदा पत्र्याच्या धारेनं माझी अनामिका कापली होती, ती वाकडीच जुळली. ती करंगळीवर चढते.

त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला तो दिवस आठवला, आणि असा आठवला की मी तो कधी विसरलोच नव्हतो, फक्त त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. लेप मारायच्या आदल्या दिवशी डॉक्टर हुडकेश्वरच्या शेडमध्ये आले होते. पळसाचे सुटे पत्रे उजळून, धुऊन, सुकवून रांगेनं उभे केलेले. डॉक्टरांनी एक कडा चिमटीत धरली आणि म्हणाले, "पातळ वाटतो हो पत्रा." सगळं ठरल्यावर असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी खोडाच्या पत्र्याजवळ गेलो आणि थाप मारली. "ऐका साहेब! हा पातळ पत्र्याचा आवाज आहे?" पुन्हा मारली. "ऐका!" मे महिना होता, घाम कोपरावरून गळत होता. मागून मिस्त्री म्हणाले, "शेठजी, हात नका लावू, उघडं हाय." मी मागे न वळता म्हणालो, "तुम्ही गप बसा मिस्त्री, सौदा चालू आहे." आणि अजून दोन थापा मारल्या.

उजळलेल्या तांब्याला कापडाशिवाय धरायचं नसतं. हाताचा खारट घाम त्यात उतरतो, वरून लेप बसला की आतच कोंडला जातो आणि महिनोन्‌महिने आतून खात राहतो. हे मी स्वतः दुकानात नव्या माणसांना शिकवत आलो आहे.

म्हाताऱ्याच्या सुनेचं नाव पुकारलं. तो उठून गेला. मी मात्र तिथेच होतो. जायला जागाच नव्हती. ऊन सरकेपर्यंत तो पंजा स्पष्ट दिसत राहिला, मग पुन्हा नुसते डाग झाले.

सातव्या दिवशी दवाखान्याचा मॅनेजर माझ्याजवळ येऊन बसला. मला ओळखत होता. "काका, बरं झालं तुम्ही भेटले. साहेब हे काढून टाइल्स लावायचं म्हणतात. सोमवारी माणसं येतील. तुम्हीच मोडीत घेऊन जाता का? भाव सांगा."

माझ्या तोंडून भाव निघूनही गेला, चालू भावापेक्षा बराच कमी. वर मी हेही म्हणालो की लेप जाळावा लागेल, मागच्या लाकडी पट्ट्यांचं वजन जाईल, घट धरावी लागेल. तो म्हणाला, "घ्या, पण लवकर उचला." सौदा झाला. तो गेल्यावर मला कळलं की मी काय विकत घेतलं. सोमवारी माल भट्टीत गेला की विषय संपणार होता. डॉक्टरला काही माहीत नाही. म्हातारा गावी जाणार. बोट वाकडं असल्याचा कागद कुठे नव्हता.

संध्याकाळी वर गेलो. बायकोचा ताप त्या दिवशी पहिल्यांदा शंभराच्या खाली होता आणि तिला बोलायचं होतं.

"तोंड काहून असं करून राहिले? डॉक्टर काही बोलला का?"

"तुझं ठीक आहे. खालची भिंत काढून राहिले."

"मंग घ्या नं मोडीत. सस्त्यात भेटन."

"घेतली."

"मंग?"

मी सांगितलं. ती छताकडे पाहत ऐकत होती. मग म्हणाली, "दोन वर्षं तुमी ताटावर बसले का त्या माणसाले शिव्या. मले वाटे, एखाद्या दिवशी भाजीत मीठ जास्त टाकावं, म्हनजे त्याले सोडून मले तरी देतीन."

"आता मी काय करू वं?"

"मले काय विचारता? माह्या हातात सुई हाय. फोन तुमच्या हातात हाय."

खाली येऊन मी नंबर लावला. दोनच रिंग झाल्या.

"बोला जी."

"मिस्त्री, मी बोलतो."

"हाव. नंबर हाय माह्याकडे."

"पळस काढून राहिले. सोमवारी."

"उद्या येतो."

आठव्या दिवशी ते आले तेव्हा चार वाजायचे होते. पाठीत जास्त वाकले होते, हातात कापडी पिशवी. माझ्याकडे न पाहता सरळ भिंतीकडे गेले. रिसेप्शनवरची पोरगी म्हणाली, "बाबा, आधी टोकन घ्या." ते म्हणाले, "मी पेशंट नाई बाई, मी याचा…" आणि भिंतीकडे बोट केलं. मी जाऊन त्यांना डाव्या टोकाच्या खुर्चीवर बसवलं. ऊन आलं. त्यांनी पाहिलं.

"दिसलं?" मी विचारलं.

"दिसते नं जी. मले तं तव्हाच माहीत होतं."

"तेव्हाच?" माझा आवाज चढला. गार्डनं वळून पाहिलं.

"हळू बोला, दवाखाना हाय. डॉक्टर गेल्यावर मी राखेनं दोनदा पुसलं होतं ते. धुतलं. वाटलं, निघालं. पण तांबं पिऊन घेते जी. थोडं राहून गेलं असन."

आता मी काय केलं ते लिहितो, कारण न लिहून उपयोग नाही. मी पुढे सरकलो आणि म्हणालो, "म्हणजे तुमच्याकडूनही राहूनच गेलं ना! अर्धी चूक तुमचीही झाली मिस्त्री."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "धरा अर्धी माही. मंग तुमची अर्धी सांगता का टपरीवर?"

"टपरीवर कशाला? मी तुमच्या घरी येतो. तुमच्या पोरीसमोर बोलतो, जावयासमोर बोलतो."

"जावयासमोर तुमी मले शिव्या नव्हत्या देल्या."

"बरं, टपरीवर येतो. सकाळी आठला."

"आठले कोण राहते तिथी? कुत्रे."

"नऊ करा."

"जिथी बोलले तिथी, ज्या वक्ताले बोलले त्या वक्ताले."

"मिस्त्री, माझं दुकान आहे त्या गल्लीत. लोक उद्या माझ्याकडून माल घेतील का?"

"माहं नाव होतं त्या गल्लीत."

मी शेवटचं टाकलं. "कामावर परत या. मजुरी तुम्ही म्हणाल ती."

"ते वेगळं जी," ते म्हणाले आणि पिशवी उचलली. "त्याचं मागून पाहू."

आयुष्यभर मी माणसांना भावावरून खाली आणलं. हा एक माणूस एक पैसा खाली येत नव्हता, आणि उठून जायची धमकी मी देऊ शकत नव्हतो, कारण बायको वर होती आणि मला त्याच खुर्चीवर बसायचं होतं. त्यांनी दोन वर्षांत कुठे बोंब मारली असती, माझं नाव घेतलं असतं, तर मला भांडता तरी आलं असतं. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही आणि पुढेही सांगणार नव्हते. त्यामुळे सगळं माझ्यावरच येऊन बसलं होतं. बोललो तर मी गेलो, नाही बोललो तर ते गेलेलेच होते. जाताना ते दारात थांबले, पानांकडे पाहून म्हणाले, "पानं तरी नका वितळवू जी. तीन महिने गेले होते त्यात." आणि गेले.

नवव्या दिवशी बायकोला घरी आणलं. सोमवारी पळस उतरवून हुडकेश्वरच्या शेडमध्ये नेला आणि तोंड भिंतीकडे करून ठेवला. तो अजून तिथेच आहे. विकवत नाही आणि वितळवतही नाही. येता-जाता अडचण होते.

बोलायला मी अजून बारा दिवस घेतले. रोज साडेअकराला दुकानातून उठायचो आणि गिऱ्हाईक आलं म्हणून बसायचो. शेवटी बायकोनं डब्यात पोळीभाजी दिली नाही. "बोलून या, मंग घरी जेवा," म्हणाली.

टपरीवर मिस्त्री होते. मी फोन केला होता. समोर एक टेम्पो माल उतरवत होता, मागे हातगाडी अडकलेली. माझ्या तोंडाला कधी शब्द कमी पडले नाहीत, त्या दिवशी पडले. मी म्हणालो, "दोन वर्षांआधी मी इथे मिस्त्रीच्या हाताबद्दल बोललो होतो. ते खोटं होतं. धंतोलीचं काम माझ्या हातानं बिघडलं. उघड्या तांब्यावर मी हात मारला. त्यांनी नको म्हटलं होतं."

हातगाडीवाला ओरडला, "शेठ, भाषण मागून द्या, गाडी निघू द्या!" दोघं-तिघं हसले. माझ्या दुकानासमोरचा भांड्यांचा व्यापारी गल्ल्यावरून मान बाहेर काढून म्हणाला, "काय म्हणाले? टेम्पोच्या आवाजात ऐकू नाही आलं."

त्याला सगळं ऐकू आलं होतं. मी त्याला वीस वर्षं ओळखतो. मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं, कारण आता टेम्पो बंद झाला होता.

"म्हणजे गॅरंटी पण तुमची आणि खराबी पण तुमची?" तो म्हणाला. टपरी हसली. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी चहा संपवला, माझ्या चहाचेही पैसे दिले आणि म्हणाले, "झालं जी." मी विचारलं, "मग कामाचं?" ते म्हणाले, "पाहतो."

पंधरा दिवसांनी ते कामाला लागले. माझ्याकडे नाही, समोरच्याकडे. त्यानं दुकानाच्या मागे त्यांना भट्टी बांधून दिली आणि हाताच्या कामाची पाटी लावली. गिऱ्हाइकाला तो सांगतो, "तुम्ही समोरच्यांना विचारा, ते स्वतः कबूल झाले." त्यात खोटं काही नाही, म्हणून मला भांडताही येत नाही. मिस्त्रींनी मला आधी एक शब्द विचारायला हवा होता असं मला वाटतं. बायको म्हणते, काहून विचारायचं? मी म्हणतो, दहा वर्षं माझ्या शेडमध्ये काढली म्हणून. आम्ही दोघं यावर आठवड्यातून एकदा तरी भांडतो. ती आता चांगली खाते-पिते.

माझ्याकडे सध्या मुरादाबादचा, मशीनवर छापलेला माल आहे. पानावर पान सारखं, एकही ठोका चुकलेला नाही, कारण एकही ठोका पडलेला नाही. गेल्या आठवड्यात हुडकेश्वरला घर बांधणारं एक जोडपं आलं. दाराला तांब्याचा पत्रा हवा, मोर-बिर नको, काही वेगळं. मी दोन नमुने काढून दाखवले. नवऱ्यानं मागची बाजू उलटून पाहिली आणि विचारलं, "हे हातानं केलंय का?"

हो म्हणायला मला वेळ लागत नाही. जिभेवर आलंही होतं.

"नाही," मी म्हणालो.

"मग हाताचं कुठे मिळेल?"

"समोर."

बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे नाही होत?"

"होत होतं."

ते रस्ता ओलांडून गेले. समोरच्यानं त्यांना बसायला दोन स्टूल पुढे केले आणि मिस्त्रींना हाक मारली. एप्रिलची दुपार होती, दुकानाचा पत्रा तापलेला. तो त्यांना भाव काय सांगतो ते ऐकू यावं म्हणून मी माझा पंखा बंद केला.